डिशचा पॅक आणि साडूंची पॉलिसी

वाचकाचं पत्र (बरंच लांब होतं, मुद्द्याचं तेवढं ठेवलं आहे):

"मी कोल्हापूरचा, वय ४३. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत सुपरवायझर आहे. हातात महिन्याला ५६ हजार येतात. मुलगी दहावीत, मुलगा सहावीत, पत्नी घरीच असते. लहानपणापासून फुटबॉलचं वेड. स्वतः पेठेतल्या संघातून खेळलोय. पण टीव्ही लावला की क्रिकेट, क्रिकेट आणि क्रिकेट. आयपीएल असली की एकच मॅच सहा चॅनेलवर, सहा भाषांत. आपल्याला हवी ती मॅच कुठल्या तरी ॲपवर, पुढच्या वर्षी दुसऱ्याच ॲपवर. डिशवाल्याला म्हटलं, दोन चॅनेल दे. तो म्हणतो पॅक घ्या. त्या पॅकमधली पन्नास चॅनेल मी आयुष्यात लावलेली नाहीत. ही शुद्ध लूट आहे. आता ठरवलंय, २०२६ च्या विश्वचषकाआधी सगळं एकदाच घ्यायचं. ५५ इंची टीव्ही ६० हजारांना मिळतोय, नो कॉस्ट ईएमआय, २,५०० चे २४ हप्ते. शिवाय डिशचा ६५० चा रिचार्ज आणि तीन ॲप मिळून महिना १,५००. तालमीतली दहा-बारा पोरं मॅच बघायला येतील, त्यांच्याकडून मॅचमागे शंभर-शंभर घेतले तर वसूलही होईल.

पैशाची सोय अशी: म्युच्युअल फंडात महिना ३,००० ची एसआयपी आहे, ती बंद करतो. मुलगी बारावी होईपर्यंत तिचे पाच लाख होतील असं ऐकलं होतं, पण १४ महिन्यांत काहीच वाढलेलं नाही. घराच्या कर्जाचा हप्ता १४ हजार, अजून ११ लाख बाकी. बँकेत वीसेक हजार शिल्लक. मुलीच्या शिक्षणासाठी साडूंनी मार्च २०२३ मध्ये एक पॉलिसी काढून दिली आहे, ती चालूच ठेवणार. वर्षाला १ लाख, १२ वर्षं. मग मार्च २०३६ पासून दरवर्षी २ लाख, १२ वर्षं. गॅरंटीड दुप्पट, टॅक्स वाचतो आणि वर १० लाखांचा विमा. तर टीव्ही आणि ॲप घेऊ का?"

उत्तर:

तुमच्या मूळ पत्रात टीव्हीवर अडीच पानं आहेत आणि पॉलिसीवर साडेतीन ओळी. टीव्हीवर तुम्ही महिन्याला ४,००० घालायचं म्हणताय. पॉलिसीवर वर्षाला एक लाख, म्हणजे महिन्याला आठ हजारांच्या वर, तीन वर्षं घालताय, आणि त्याबद्दल तुमचा एकही प्रश्न नाही. म्हणून आधी टीव्हीचं उरकतो आणि मग त्या साडेतीन ओळींकडे वळतो.

तुमची तक्रार खरी आहे. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच मोसमांचे प्रक्षेपणहक्क ४८,३९० कोटींना गेले. एका सामन्याला जवळजवळ ११८ कोटी पडतात. ज्याने एवढे मोजलेत तो ती मॅच सहाच काय, सोळा चॅनेलवर दाखवेल. त्याला जाहिरातींतून पैसे काढायचे आहेत आणि तुमच्या फुटबॉलमधून ते निघत नाहीत. त्यात नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टार आणि व्हायाकॉम१८ एक झाले, त्यामुळे हक्कांसाठी एकमेकांवर बोली लावणारे दोघे एकाच छपराखाली आले आणि स्पोर्ट्स१८ ही चॅनेल स्टारमध्ये विरली. आपल्या आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेची तऱ्हा तर तुम्हाला माहीतच आहे. हक्कांच्या कराराचा घोळ मिटेना म्हणून २०२५ च्या जुलैत पुढचा मोसमच थांबवला. अशा बाजारात कुठल्याही ॲपचे वर्षभराचे पैसे आगाऊ भरणं म्हणजे जुगारच.

पण 'पॅकच घ्यावा लागतो' हे डिशवाल्याचं म्हणणं खोटं आहे. फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या नियमानुसार प्रत्येक चॅनेल सुटं मागता येतं आणि त्याची किंमत जाहीर असावी लागते. पॅकमध्ये घालता येईल अशा चॅनेलची कमाल किंमत १९ रुपये आहे. इंग्लंडची प्रीमियर लीग सध्या स्टारकडे आहे, चॅम्पियन्स लीग सोनीकडे. दोघांची मिळून खेळाची पाच चॅनेल घ्या: ९५ रुपये. वहिनींची तीन मराठी चॅनेल धरा ५५. कनेक्शनचे साधारण १३०. झाले २८०, त्यावर १८ टक्के जीएसटी. ३३० रुपये. तुम्ही ६५० भरताय.

आता ॲपचं. जी मॅच डिशवर सोनीच्या चॅनेलवर दिसते तीच सोनीच्या ॲपवर दिसते. स्टारचंही तेच. तुम्ही दोन्हीकडे पैसे भरायला निघालाय, म्हणजे एकाच मॅचचं दोनदा तिकीट. डिश ठेवा नाहीतर ॲप ठेवा. स्पेनची लीग किंवा फॉर्म्युला वन यांच्यासारखं जे या चॅनेलवर येत नाही त्यासाठी फार तर एक ॲप, तेही मोसमापुरतं, महिन्याच्या बोलीवर. युरोपचा मोसम ऑगस्टला सुरू होतो आणि मेमध्ये संपतो. जून-जुलैत रिचार्ज उतरवायला फोन करायचा आळस केलात की दोन महिने फुकट गेले. विश्वचषकाचे १०४ सामने अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोत आहेत, म्हणजे आपल्याकडे रात्री आणि पहाटे. त्या महिन्यात ते ज्याच्याकडे असतील त्याचं एका महिन्याचं घ्या. आणि दोनेक हजारांचा दूरदर्शनच्या फ्री डिशचा बॉक्स बसवलात तर डीडी स्पोर्ट्स कायमचं फुकट. राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून ठरवलेल्या स्पर्धांचं प्रक्षेपण २००७ च्या कायद्याने दूरदर्शनला द्यावंच लागतं, पण २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ते दूरदर्शनच्या स्वतःच्याच यंत्रणेवर दिसतं. केबलवरच्या दूरदर्शनवर मॅच नसते याचं कारण हे. मला स्वतःला हे कळायला बरीच वर्षं लागली.

एकूण महिना १,५०० चं काम ५०० मध्ये बसतं. हे ५०० जरूर खर्च करा. कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉल बघू नका म्हणून सांगणारा सल्लागार मी नाही.

टीव्ही नको. आत्ताचा चालतोय असं तुम्हीच लिहिलंय. 'नो कॉस्ट ईएमआय' हा प्रकार असा असतो की बँक व्याज घेतेच, दुकानदार तेवढी सूट दिल्यासारखं दाखवतो, आणि व्याजावरचा जीएसटी, प्रोसेसिंग फी तुमच्या माथी. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं. दुकानात जाऊन एवढंच विचारा, 'रोख दिले तर किती?' जो आकडा येईल आणि ६० हजार यांच्यातला फरक म्हणजे तुमचं 'नो कॉस्ट'. सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झालाय, ती सूट दुकानदार स्वतःच्या नावावर खपवत नाहीये ना तेही बघा. साठवून घ्या, दिवाळीला घ्या.

पोरांकडून शंभर-शंभर घेण्याचा विचार मात्र डोक्यातून काढा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३७ नुसार पैसे घेऊन लोकांना प्रक्षेपण दाखवणं हा प्रक्षेपकाच्या हक्काचा भंग आहे. घरगुती सबस्क्रिप्शन घरापुरतं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, तालमीतल्या पोरांकडून घरात बसायचे पैसे घेऊन तुम्ही पेठेत तोंड कसं दाखवणार आहात? उलट चहा-भडंग तुमच्याच घरचं जाईल.

टीव्हीचं झालं. आता मला सांगा, मुलगी कितीची?

दहावीत म्हणजे पंधरा-सोळा. बारावी होईल २०२८ मध्ये. इंजिनिअरिंग म्हणा, फार्मसी म्हणा, पहिली फी भरायची ती २०२८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये. आणि तिच्या शिक्षणासाठी काढलेल्या पॉलिसीचा पहिला पैसा येणार मार्च २०३६ मध्ये. तोवर ती पंचवीस ओलांडलेली असेल. शिकून चार वर्षं झाली असतील, नोकरीला लागली असेल, कदाचित लग्न ठरत असेल. मुलाच्या उपयोगी पडेल म्हणावं तर तोही तेव्हा बाविशीचा. ही दोन्ही मुलं कॉलेजात असताना, म्हणजे घराला पैशांची सगळ्यात जास्त ओढ असताना, ही पॉलिसी काही देणार नाही. उलट दरवर्षी एक लाख मागत राहील. शेवटचा हप्ता मार्च २०३४ मध्ये आहे.

हे तुम्ही मला लिहिलेल्या तीन तारखांतूनच निघालं. मी कॅल्क्युलेटरही काढला नाही. तुम्ही साडेतीन ओळींत तारखा लिहिल्यात, पण बोटावर वर्षं मोजली नाहीत, कारण पॉलिसीच्या पुढे 'मुलीच्या शिक्षणासाठी' हे शब्द लावलेले होते. पॉलिसीच्या छापील माहितीपत्रकावर बहुधा एखाद्या पदवीची टोपी घातलेल्या मुलीचं चित्रही असेल. चित्रातल्या मुलीने टोपी घातल्यावर तेरा-चौदाशे दिवसांनी पैसे येतात, हे चित्रात दिसत नाही.

आता 'दुप्पट'. पहिला लाख मार्च २०२३ चा, त्याचे दोन लाख मार्च २०३६ ला. तेरा वर्षं. दुसरा लाख २०२४ चा, त्याचे दोन लाख २०३७ ला. पुन्हा तेरा. बाराही हप्त्यांचं हेच. पैसे दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी ७२ ला भागलं की व्याजदर मिळतो, हा जुना ठोकताळा. ७२ भागिले १३, साडेपाच टक्के. पोस्टातला पीपीएफ ७.१ देतो, तोही करमुक्त आणि सरकारी हमीचा. तिथे लाखाचे तेरा वर्षांत २ लाख ४४ हजार होतात. तेव्हा 'गॅरंटीड' हा शब्द खरा आहे, पण गॅरंटी कमी मिळण्याची आहे.

'टॅक्स वाचतो.' कुठला? नव्या कररचनेत एप्रिल २०२५ पासून पगारदाराला पावणेतेरा लाखांच्या उत्पन्नापर्यंत कर नाही. तुमचा ढोबळ पगार आठ लाखांच्या आसपास असणार. तुमचा टॅक्स शून्य आहे. शून्यातून साडू काय वाचवून देणार?

'वर १० लाखांचा विमा.' घराचं कर्ज ११ लाख. वाईट बोलायचं नसतं, पण माझा धंदाच तो आहे: उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर विम्याचे दहा लाख बँकेच्या घशात जातील आणि एक लाख वहिनींनी वर घालायचे. पीएफबरोबर मिळणारा विमा असतो, जास्तीत जास्त सात लाख. तेवढ्यावर दोन मुलांचं शिक्षण आणि पुढची चाळीस वर्षं. फाउंड्रीत काम करणाऱ्या माणसाला, ज्याच्या एकट्याच्या पगारावर घर आहे, किमान एक कोटीचा विमा हवा.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी अधोरेखित करून ठेवलंय. 'दोन चॅनेल पाहिजेत म्हणून पन्नास चॅनेलचा पॅक गळ्यात मारतात, ही शुद्ध लूट आहे.' मग ही पॉलिसी काय आहे? तुम्हाला पाहिजे होतं मुलीच्या फीसाठी बचत आणि घरासाठी विमा. दोन सुट्या वस्तू. त्या एका गठ्ठ्यात बांधून दिल्या, त्यात विमा गरजेच्या दहाव्या हिश्शाचा, आणि बचत चुकीच्या वर्षी हातात येणारी. रिचार्जच्या ३२० रुपयांसाठी तुम्ही डिशवाल्याशी भांडलात, ते बरोबरच केलंत. लाखाचा पॅक मात्र साडूंच्या घरी चहा पिताना सही करून घेतलात. तोही मार्चमध्ये. विमा विकणाऱ्यांचं टार्गेट मार्चमध्ये संपतं, एवढंच सांगतो.

(विमा न समजता घेतला तर परत करायची मुदत असते. ती तीन वर्षांपूर्वीच गेली. पुढच्या वेळी बाँड हातात आला की कपाटात ठेवण्याआधी तारखांचं पान वाचा.)

आता तीन लाख गेलेत त्याचं काय करायचं. तीन वाटा आहेत.

एक, चालू ठेवा. न्यायाने सांगायचं तर पुढच्या नऊ हप्त्यांवरचा परतावा थोडा बरा पडतो, सव्वासहा टक्क्यांच्या आसपास, कारण सुरुवातीची वाईट वर्षं तुम्ही सोसून झालात. माझ्याकडे एखादा डॉक्टर हे घेऊन आला असता, ज्याच्याकडे विमा पुरेसा आहे, बँकेत दहा लाख पडून आहेत, तर मी म्हटलं असतं, राहू दे. तुमचा प्रश्न टक्क्यांचा नाही. तुमच्याकडे दुसरा लाख नाही. तो एकच आहे आणि तो चुकीच्या जागी चाललाय.

दोन, सरेंडर, म्हणजे पॉलिसी मोडून मिळतील ते पैसे घेणं. तिसऱ्या वर्षानंतर हमी असलेली सरेंडर किंमत भरलेल्या हप्त्यांच्या ३५ टक्क्यांच्या आसपास असते. तीन लाखांचे लाख-सव्वा लाख. कंपनी कधीकधी याहून जास्त देते, म्हणून शाखेत जाऊन आकडा लेखी मागा. तोंडी नको.

तीन, पेड-अप. पुढचे हप्ते बंद, पॉलिसी मात्र जिवंत, लाभ प्रमाणात कमी. बारापैकी तीन हप्ते भरलेत, म्हणून दोन लाखांच्या ऐवजी ५० हजार, २०३६ पासून बारा वर्षं. पीपीएफच्या दराने आजच्या किमतीत आणलं तर हे दोन लाख दहा हजारांच्या आसपास बसतं. म्हणजे हिशेब सोपा: कंपनीने सरेंडरचा आकडा दोन लाख दहाच्या वर लिहून दिला तर पैसे घ्या आणि मोकळे व्हा. खाली असेल, आणि तो खालीच असेल, तर पेड-अप करा. ते वर्षाचे ५० हजार मुलांच्या कामाचे नाहीत, तुमच्या चोपन्नाव्या वर्षापासून ते पासष्टीच्या आतबाहेर येतील. तुमचे म्हणून ठेवा.

पण क्रम चुकवू नका. पेड-अप केल्यावर तो १० लाखांचा विमाही अडीच लाखांवर येतो. म्हणून आधी एक कोटीचा साधा टर्म प्लॅन, म्हणजे बचत नसलेला नुसता विमा, वयाच्या साठीपर्यंतचा. त्रेचाळिसाव्या वर्षी निर्व्यसनी माणसाला वर्षाला वीस-पंचवीस हजार पडतात. तंबाखू, मशेरी, गुटखा, जे काय असेल ते फॉर्मात खरं लिहा. हप्ता वाढेल, वाढू द्या. लपवलंत तर पुढे वहिनींना कंपनीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील. वैद्यकीय तपासणी होऊन बाँड हातात आला की मगच जुन्या पॉलिसीचा हप्ता थांबवायचा. मार्चला अजून वेळ आहे, आणि वर्षाच्या हप्त्याला महिनाभराची सवलतही असते. आजच अर्ज केलात तर आरामात होईल.

दुसरं, मेडिक्लेम. पत्रात त्याचा उल्लेखच नाही. म्हणजे कंपनीचा असेल तेवढाच, आणि कंपनीचा मेडिक्लेम नोकरी सुटली की सुटतो. चौघांचा १० लाखांचा स्वतःचा घ्या, २५ ते ३० हजार. वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविमा या दोन्हींवरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय, ही एक गोष्ट तुमच्या बाजूने घडली आहे.

लाखातून टर्मचे २५ आणि मेडिक्लेमचे २८ गेले. उरले ४७ हजार. पहिल्या वर्षीचे ४७ बँकेत एफडीला, हात न लावण्यासाठी. तुमची वीस हजारांची शिल्लक म्हणजे दहा दिवसांचं घर आहे; एखादा ले-ऑफ आला तर अकराव्या दिवशी तुम्ही क्रेडिट कार्ड काढाल आणि मग मला वेगळं पत्र लिहाल.

आता एसआयपी. ती बंद करा असंच मीही म्हणणार आहे, पण तुमच्या कारणासाठी नाही. 'पाच लाख होतील असं ऐकलं होतं.' कुणाकडून ऐकलं होतं? आत्तापर्यंत १४ हप्ते, ४२ हजार. बारावी होईपर्यंत आणखी ३०, म्हणजे ९० हजार. तुम्ही घालणार एकूण १ लाख ३२ हजार. त्याचे साडेतीन वर्षांत पाच लाख कुठल्याही बाजारात होत नाहीत, तेजीतही नाही. जो म्हणतो होतात, त्याच्यापासून खिसा सांभाळा. आणि १४ महिन्यांत वाढ नाही म्हणून शेअरबाजारावर रुसायचंही कारण नाही. १४ महिने हा तिथे काळच नाही. शेअरच्या फंडात सात-आठ वर्षं लागणार नाहीत असा पैसा घालायचा असतो. तुमच्या मुलीची फी अडीच वर्षांवर आहे. २०२८ च्या जूनमध्ये बाजार वीस टक्के पडलेला असला तर कॉलेज थांबणार नाही.

म्हणून ३,००० तसेच चालू, फक्त जागा बदला: बँकेत किंवा पोस्टात आरडी. ४२ हजारही काढून तिकडेच. मार्च २०२७ आणि मार्च २०२८ चे उरलेले सत्तेचाळीस-सत्तेचाळीस हजार तिकडेच. ४२ अधिक ९० अधिक ९४. सव्वादोन लाख, व्याज धरून दोन लाख चाळीसच्या घरात. पाच नाहीत. पण २०२८ मध्ये हातात असतील, २०३६ मध्ये नाही.

फीचीही चौकशी आत्तापासून करा. राज्य सरकारने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून जाणाऱ्या मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींसाठी ते आहे. तुम्ही आठच्या अलीकडे की पलीकडे हे अगदी काठावर दिसतंय, आणि दाखले काढायला तहसीलला दोन-चार खेपा होतातच. दहावीची सुट्टी त्याला वापरा. फी माफ झाली तर ते दोन लाख चाळीस वसतिगृह आणि मेसला पुरतील. नाही झाली तर पहिलं वर्ष निघेल, पुढे शैक्षणिक कर्ज. त्याला लाजू नका, शिक्षणासाठी कर्ज मिळतं. निवृत्तीसाठी मिळत नाही.

मुलाच्या नावाने आत्ता काही नको. तुमच्याकडे पैसे नाहीत आणि त्याला साडेसहा वर्षं आहेत. मुलीचं पहिलं वर्ष पार पडलं की पुन्हा लिहा.

राहिले साडू. तुम्ही शेवटी बारीक अक्षरात लिहिलंय, 'ते दुखावतील.' दुखावतील. पेड-अपचा अर्ज त्यांच्या हातात देऊ नका. कंपनीच्या शाखेत स्वतः जा, पोचपावतीवर शिक्का घ्या, आणि मग त्यांना सांगा. आधी सांगितलंत तर ते रात्री येतील, पाच टक्के सूट, वाढीव बोनस, 'अजून एकच हप्ता भर, मग बघू' असं काहीतरी निघेल आणि तुम्ही वहिनींकडे बघून गप्प बसाल. त्यांना फार बोलूही नका. बहुतेक त्यांनी स्वतःच्या मुलीसाठीही हीच पॉलिसी घेतलेली असणार, आणि पहिला पैसा हातात येईल तेव्हा तीही कितीची असेल हे त्यांनी मोजलेलं नसणार. हे पत्र त्यांना वाचायला दिलंत तरी चालेल.